घरचीच प्रयोगशाळा : मुलांनीं करावयाच्या पांच परीक्षा

वैशाख सरत येतो त्या सुमारास शेतकऱ्याच्या घरीं दोन गोष्टी एकाच वेळीं घडत असतात. एक, पेरणीचें बीं पोत्यांतून काढून पाहिलें जातें. आणि दुसरी, शाळेला सुटी असल्यामुळें मुलें दिवसभर घरीं असतात. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. बीं पाहणें हें वडील माणसांचें काम व शास्त्र शिकणें हें शाळेंतील काम, अशी आपण मनानेंच वाटणी करून टाकलेली असते. ही वाटणी दोन्ही बाजूंनीं नुकसानीची आहे असें आम्हांस वाटतें. मुलाचें शास्त्र पुस्तकांत राहतें, आणि आपलें बीं परीक्षेवांचून मातींत जातें.

परीक्षेवांचून पेरण्याची किंमत काय पडते हें आमच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको. सन २०२० च्या खरिपांत मराठवाडा व विदर्भ या भागांत सोयाबीन पेरूनहि उगवलें नाहीं अशा तक्रारी फार मोठ्या संख्येनें झाल्या, व अनेकांस दुबार पेरणी करावी लागली. दुबार पेरणी म्हणजे केवळ बियांचा दुसरा खर्च नव्हे. औताचें भाडें पुनः द्यावें लागतें, पहिल्या पावसाची ओल वायां जाते, आणि गेलेले पंधरा दिवस कोणत्याहि पैशानें परत मिळत नाहींत. यांतील सगळेंच नुकसान टाळतां येतें असें आम्ही म्हणत नाहीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं. परंतु बीं जिवंत आहे कीं नाहीं, हें पेरण्यापूर्वीं आठ दिवस अगोदर कळूं शकतें, आणि तें कळण्यास गोणपाटाचा एक तुकडा व मोजतां येणारें एक मूल एवढेंच साहित्य लागतें.

या लेखांत आम्ही अशा पांच परीक्षा सांगणार आहों. पहिल्या तीन पेरणीपूर्वींच्या, चौथी पावसाळाभर चालणारी व पांचवी पीक उभें असतांना करावयाची आहे. सर्वांस लागणारें सामान घरांत असतें. दहा वर्षांवरील कोणतेंहि मूल त्या करूं शकेल. लहान भावंडांनीं दाणे मोजावे, मोठ्यांनीं लिहावें.

प्रयोगाचे चार नियम

प्रयोग म्हणजे निसर्गास विचारलेला प्रश्न होय. प्रश्न नीट विचारला नाहीं तर उत्तरहि नीट येत नाहीं. म्हणून आरंभींच चार नियम मुलांस पाठ करूं द्यावे.

पहिला नियम : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. एका डब्यांत खत घातलें, दुसऱ्यांत घातलें नाहीं, आणि खताचा डबा उन्हांत व दुसरा सावलींत ठेवला, तर जो फरक दिसेल तो खताचा कीं उन्हाचा हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. दुसरा नियम : अंदाज न करतां मोजावें. "बरेंच उगवलें" हें उत्तर नव्हे. "शंभरांत बहात्तर उगवले" हें उत्तर होय. तिसरा नियम : जें दिसलें तें त्याच दिवशीं, तारखेसह, वहींत लिहावें. चौथा नियम : एकदां आलेल्या उत्तरावर विसंबूं नये, परीक्षा निदान तीन वेळां, अथवा तीन जागीं, करावी.

या नियमांचें महत्त्व दाखविणारी एक जुनी हकीकत आहे. फ्लँडर्समधील व्हान हेल्माँट नांवाच्या वैद्यानें एका मोठ्या भांड्यांत २०० पौंड वाळविलेली माती घातली व तींत विलो जातीच्या झाडाची ५ पौंडांची फांदी लावली. पांच वर्षें त्यानें पाण्याशिवाय तीस कांहींहि दिलें नाहीं. शेवटीं झाड उपटून तोललें तेव्हां तें सुमारें १६९ पौंड भरलें. माती वाळवून तोलली तेव्हां ती अवघी दोन औंस कमी झाली होती. त्याच्या पश्चात् सन १६४८ मध्यें हा प्रयोग छापून प्रसिद्ध झाला. झाडाचा देह मातीचा बनलेला नाहीं, ही गोष्ट त्यानें तागडीनें सिद्ध केली. परंतु "तर मग तो सर्व पाण्याचाच बनलेला आहे" हें त्याचें अनुमान चुकलें. हवेचा हिशेब त्यानें धरलाच नव्हता. सूर्यप्रकाशांत हिरवीं पानें हवेवर कांहीं कार्य करतात, हें सन १७७९ मध्यें इंगेनहाउझ यानें दाखविलें, आणि झाडाच्या देहांतील कार्बन हवेंतून येतो हें पुढें ठरलें. आणि ते दोन औंस? झाडानें मातींतून घेतलेल्या खनिज अंशाचें वजन तेवढेंच असावयाचें. तो अंश कमी पडला तर काय होतें, हें खतासाठीं पैसे मोजणारा प्रत्येक शेतकरी जाणतो.

यावरून मुलांनीं ही गोष्ट शिकावी कीं, वहीच्या पानाचे दोन भाग करावे. डाव्या बाजूस जें मोजलें तें लिहावें, उजव्या बाजूस त्यावरून आपणांस काय वाटतें तें लिहावें. उजवी बाजू पुढें खोडावी लागली तरी चालेल. डावी बाजू खरी असली म्हणजे ती जन्मभर उपयोगी पडते.

पाठ पहिला : बियांची उगवण

सोयाबीनचें उदाहरण घेऊं, कारण त्याचें बीं सर्वांत नाजूक असतें. त्याची साल पातळ असून अंकुर सालीच्या अगदीं लगत असतो. मळणींत मार बसला, पोतें उंचावरून आपटलें, अथवा सांठवणींत ओल लागली, तर दाणा बाहेरून चांगला दिसत असूनहि आंतून निर्जीव झालेला असूं शकतो. डोळ्यांनीं पाहून तें कळत नाहीं.

पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मूठ मूठ बीं काढून घमेल्यांत एकत्र करावें. त्यांतून शंभर दाणे मोजून घ्यावे. येथें मुलांस बजावून सांगावें कीं, निवडून चांगले दाणे घेऊं नयेत. हातास येईल तो दाणा घ्यावा. परीक्षा निवडलेल्या दाण्यांची नसून पोत्याची आहे. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन, भिजवून, पाणी निथळूं द्यावें. त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्यांत बोटभर अंतर ठेवून, मांडाव्या. वर दुसरा ओला तुकडा पसरून हलक्या हातानें गुंडाळी करावी व ती सावलींत ठेवावी. दररोज पाणी शिंपडावें. परंतु पाणी सांचूं देऊं नये, कारण बियांसहि श्वास घ्यावयाचा असतो व पाण्यांत बुडालेलें बीं गुदमरून कुजतें. अशाच शंभर शंभर दाण्यांच्या तीन गुंडाळ्या कराव्या.

आठव्या दिवशीं गुंडाळी उघडावी. ज्यांचें मूळ सरळ वाढलेलें व कोंब धडधाकट आहे तेच दाणे उगवले असें धरावें. मोड येऊन थांबलेले, मूळ तुटकें असलेले, बुरशी धरलेले दाणे वेगळे मोजावे. तिन्ही गुंडाळ्यांची सरासरी काढावी. एकाच पोत्याच्या दोन गुंडाळ्यांत पांच-सात दाण्यांचा फरक पडल्यास मुलांनीं गोंधळूं नये. शंभर दाण्यांच्या मोजणींत तितका फरक निव्वळ योगायोगानें पडत असतो. तीन गुंडाळ्या करावयाच्या त्या यासाठींच.

प्रमाणित बियांची उगवण सोयाबीन व भुईमूग यांत शेंकडा ७०, ज्वारी व तूर यांत ७५, भातांत ८०, आणि गहूं व हरभरा यांत ८५ हून कमी असूं नये, असें सरकारी मानक आहे. सोयाबीन एकरीं ३० किलो पेरावें असें सांगतात तें शेंकडा ७० उगवण धरून. येथें मुलांच्या त्रैराशिकाचा खरा उपयोग होतो. ३० स ७० नें गुणावें व आपल्या परीक्षेच्या आंकड्यानें भागावें. उगवण ६५ आली तर एकरीं सुमारें ३२ किलो ३०० ग्रॅम, व ६० आली तर ३५ किलो बीं लागेल. साठाच्याहि खालीं गेली तर तें बीं पेरण्याचा मोह टाळावा, हेंच आमचें सांगणें आहे. कारण अशा पोत्यांतील जे दाणे उगवतात त्यांतहि जोम कमी असतो, आणि गोणपाटावर मिळणारें सुख शेतांतील मातींत मिळत नाहीं.

याच पाठास एक जोड द्यावी. तीन सारखे डबे घेऊन तळास भोंकें पाडावीं, त्यांत एकाच शेताची माती भरावी आणि प्रत्येकांत दहा दाणे पेरावे. एका डब्यांत ३ सेंटिमीटर खोल, दुसऱ्यांत ५, तिसऱ्यांत ८. पाणी सारखेंच द्यावें. कोणत्या डब्यांत किती व कोणत्या दिवशीं वर आले हें लिहावें. सोयाबीन आपलीं दोन्ही दळें डोक्यावर घेऊन जमिनीबाहेर येतें. म्हणून माती जाड अथवा वर पापुद्रा धरलेला असला कीं त्याची मान मोडते. हरभरा व तूर यांचीं दळें मातींतच राहतात व फक्त कोंब वर येतो. चौथ्या डब्यांत हरभरा ८ सेंटिमीटरांवर पेरून ही तुलना मुलांच्या डोळ्यांपुढें ठेवावी. पेरणी तीन ते चार सेंटिमीटरांहून खोल जाऊं देऊं नये, हें सोयाबीनबाबतचें सांगणें मग वडिलांस पाभर चालवितांना मूलच आठवून देईल.

पाठ दुसरा : मिठाच्या पाण्यांतील भात

कोंकण, मावळ, भंडारा, चंद्रपूर या भात पिकविणाऱ्या भागांतील घरांस हा पाठ विशेष उपयोगी आहे. भाताचा दाणा बाहेरून भरलेला दिसला तरी आंत पोचट असूं शकतो. पोचट दाणा हलका व भरलेला दाणा जड. परंतु साध्या पाण्यांत अर्धवट भरलेले दाणेहि बुडतात. पाणीच थोडें जड केलें तर ते तरंगूं लागतात. दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवावें, म्हणजे शेंकडा तीन या प्रमाणाचें पाणी होतें. त्यांत बीं ओतून ढवळावें व पाणी स्थिर होऊं द्यावें. वर तरंगतील ते दाणे काढून टाकावे. तळाचे दाणे स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां धुऊन सावलींत वाळवावे. मीठ अंगास राहिलें तर उगवणीस बाधते.

इतकें केल्यानें काम झालें. पण पाठ झाला नाहीं. तरंगलेल्यांपैकीं पन्नास व बुडालेल्यांपैकीं पन्नास दाणे, दोन्ही सारखेच धुऊन, दोन वेगळ्या ताटल्यांत ओल्या फडक्यावर ठेवावे. कोणते किती उगवतात व पंधराव्या दिवशीं रोपांची उंची किती भरते हें मोजावें. आजी सांगते म्हणून मीठ घालणें वेगळें, आणि मीठ घातल्यानें काय साधलें हें मोजून कळणें वेगळें. बहुतेक घरीं आजीचेंच खरें ठरेल, आणि मुलांच्या मनांत तिच्याविषयींचा आदर वाढेल.

बाजरी पिकविणाऱ्यांनीं हाच प्रयोग अधिक जड पाण्यांत करावा. अरगट रोगाच्या काळ्या गांठी बियांत मिसळलेल्या असतात; त्या विषारी असून रोगहि पसरवितात. दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ घातलें असतां त्या गांठी तरंगतात. त्या गोळा करून जाळून टाकाव्या. कोंबड्या-जनावरांपुढें कदापि टाकूं नयेत. हें खारें पाणीहि शेतांत अथवा झाडाच्या बुडाशीं ओतूं नये.

पाठ तिसरा : बरणींतील शेत

आपली जमीन भारी कीं हलकी हें शेतकरी पायांनीं ओळखतो. मुलास तें आंकड्यांत सांगतां यावें यासाठीं हा पाठ आहे. सरळ कडांची कांचेची बरणी घ्यावी. शेतांतील वीतभर खोलीवरची माती वाळवून, फोडून, चाळून, खडे वेगळे करावे. बरणीचा तिसरा हिस्सा माती घालावी, चमचाभर धुण्याचा सोडा टाकावा व गळ्यापर्यंत पाणी भरावें. सोड्यामुळें मातीचे चिकटलेले कण सुटे होतात. झांकण घट्ट लावून दहा मिनिटें जोरानें हालवावें व बरणी सपाट जागीं ठेवावी.

जड कण आधीं बसतात. एका मिनिटांत जो थर बसतो ती रेती. तेथें बाहेरून खूण करावी. दोन तासांत त्यावर जो थर येतो तो पोयटा. दुसरी खूण करावी. एक-दोन दिवसांनीं वर जो थर बसतो ती चिकणमाती. काळ्या जमिनीचें पाणी याहूनहि अधिक दिवस गढूळ राहतें. तेव्हां धीर धरावा. समजा, सर्व थरांची उंची १० सेंटिमीटर असून रेती २, पोयटा ३ व चिकणमाती ५ आहे. तर हीं प्रमाणें शेंकडा २०, ३० व ५० झालीं. चिकणमाती पाण्यानें फुगलेली असते म्हणून तिचा आंकडा किंचित् अधिक दिसतो. परंतु आपल्याच दोन शेतांची तुलना करण्यास ही परीक्षा पुरेशी आहे. ज्या शेताची चिकणमाती अधिक, तें पाणी अधिक धरून ठेवील, पण वाफसा उशिरां देईल. ज्याची रेती अधिक, त्यास पाणी व खत थोडथोडें व वारंवार द्यावें लागेल.

दुसरी परीक्षा ढेंकळांची. बांधावरील गवताखालचें एक व वर्षानुवर्षें नांगरलेल्या शेतांतील एक, अशीं बोराएवढीं दोन ढेंकळें चांगलीं वाळवावीं. दोन पेल्यांत पाणी घेऊन चहाच्या गाळण्यांत तीं एकाच वेळीं बुडवावीं व पांच मिनिटें पाहत राहावें. बहुधा शेतांतील ढेंकूळ विरघळून खालीं बसेल व बांधावरचें बराच वेळ आकार धरून राहील. दोन्हींची मूळ माती एकच. फरक मुळ्यांचा, कुजलेल्या पाल्याचा व त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. तेच मातीच्या कणांस धरून ठेवतात. जें ढेंकूळ पेल्यांत विरघळलें तेंच शेतांत पहिल्या सरीनें विरघळून पापुद्रा धरतें व ओहोळाबरोबर वाहून जातें. धसकटें व पालापाचोळा जाळावा कीं मातींत कुजवावा, या वादाचा निकाल त्या दोन पेल्यांत मुलांसमक्ष लागतो. हातच्या कांकणास आरसा कशास पाहिजे?

पाठ चौथा : स्वतःच्या अंगणाचा पाऊस

पाऊस मोजण्यास सरळ कडांचा व सपाट तळाचा कोणताहि डबा चालतो. मुरंब्याच्या बरणीसारखें तोंड अरुंद व पोट रुंद असलेलें भांडें मात्र चालत नाहीं. कां चालत नाहीं हें मुलांसच विचारावें. डबा उघड्या जागीं ठेवावा. जवळचें घर अथवा झाड जितकें उंच असेल त्याच्या दुप्पट तरी अंतरावर तो असावा. वाऱ्यानें पडूं नये म्हणून भोंवतीं विटा रचाव्या. आंत दगड घालूं नये, कारण दगड जागा अडवितो व पाणी उंच दिसतें. रोज सकाळीं साडेआठ वाजतां फूटपट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे तें लिहावें व डबा रिकामा करावा. हवामान खात्याची वेळहि हीच आहे. ज्या दिवशीं अडीच मिलिमीटर अथवा अधिक पाऊस पडतो त्यास तें खातें पावसाचा दिवस म्हणतें.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. तेव्हां २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एका एकरावर एक लाख लिटरांहून अधिक पाणी पडलें! हा हिशेब मुलानें स्वतः केला म्हणजे, त्यांतलें किती बांधानें अडविलें व किती नाल्यानें गेलें, हा पुढचा प्रश्न त्याच्या मनांत आपोआप उभा राहतो.

या डब्याचा तात्काळ उपयोग पेरणीसाठीं आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरूं नये असा शेतकी खात्याचा सल्ला असतो. परंतु वर्तमानपत्रांत अथवा भ्रमणध्वनीवर येणारा आंकडा आपल्या महसूल मंडळांतील केंद्राचा असतो; आणि पावसाळ्याच्या आरंभींची सर एका शिवारांत पडून शेजारच्या शिवारांत पडत नाहीं, हा अनुभव सर्वांचा आहे. मंडळाचा आंकडा ८० आणि आपल्या डब्याची बेरीज ४० असेल, तर कोणाच्या जोरावर पेरावें? आपलें बीं आपल्याच शेतांत पडावयाचें आहे. डब्याच्या जोडीस शेतांत खुरप्यानें खणून ओल किती बोटें खोल गेली हेंहि पाहावें व त्याच पानावर लिहावें. असें चार-पांच वर्षांचें टिपण घरांत सांठलें, तर त्याची किंमत मुलाच्या बक्षिसाच्या पुस्तकाहून अधिक आहे.

पाठ पांचवा : मुळांवरील गांठी

द्विदल पिकांनंतर जमीन सुधारते, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. त्याचें कारण जर्मनींत हेलरीगेल व विलफार्थ यांनीं सन १८८६ ते १८८८ या काळांत उघड केलें. या पिकांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जीवाणू हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात, व झाड त्यांस साखर पुरवितें.

पीक सुमारें चाळीस दिवसांचें झालें म्हणजे सोयाबीन, भुईमूग अथवा मूग यांचीं पांच झाडें निरनिराळ्या जागचीं काढावीं. झाड उपटूं नये. गांठी तुटून मातींत राहतात. कुदळीनें भोंवतालची माती सैल करून ढेपेसह उचलावें व बादलींतील पाण्यांत हलकेच धुवावें. प्रत्येक झाडावरच्या गांठी मोजाव्या. मग कांहीं गांठी नखानें कापून आंतील रंग पाहावा. गुलाबी अथवा तांबडा असेल तर गांठ काम करीत आहे. पांढरी अथवा हिरवट असेल तर ती कामाची नाहीं. तो तांबडा रंग आपल्या रक्तांतील रंगाच्याच जातीच्या एका द्रव्याचा आहे, हें ऐकून मुलें चकित होतात.

येथेंहि तुलनेवांचून ज्ञान नाहीं. पेरणीच्या वेळीं दोन ओळी जीवाणू-संवर्धन न लावतां आधीं पेराव्या, व मग संवर्धन लावलेलें बीं त्यांच्या शेजारीं पेरावें. (दहा किलो बियांस २५० ग्रॅम संवर्धन पुरतें. बुरशीनाशक लावावयाचें असल्यास तें आधीं व संवर्धन शेवटीं लावावें.) क्रम उलटा केला तर संवर्धन हाताबरोबर व पाभरीबरोबर साध्या ओळींतहि जाईल. खुंट्या ठोकून ओळी ओळखूं येतील असें करावें. चाळीस दिवसांनीं दोन्हींकडील गांठी मोजाव्या व काढणीस दोन्हींचे दाणे वेगळे तोलावे. फरक पडला तर पुढील वर्षीं पुडक्याचे पैसे आनंदानें द्यावे. न पडला तर आपल्या जमिनींत ते जीवाणू पूर्वींच भरपूर असतील, अथवा पुडकें उन्हांत राहून निर्जीव झालें असेल; यांपैकीं खरें कोणतें हें ठरविण्यासाठीं पुढील वर्षीं दुसरा प्रयोग मांडावा. एका प्रयोगांतून दुसरा निघणें हेंच शास्त्र होय.

वडिलांसाठीं चार शब्द

आतां सावधगिरीच्या गोष्टी. रंग अथवा औषध लावलेलें विकत बीं मुलांच्या हातीं देऊं नये. त्याची परीक्षा मोठ्यांनीं हातमोजे घालून करावी व नंतर हात साबणानें धुवावे. परीक्षेंतून उरलेले असे दाणे कोंबड्यांस घालूं नयेत. औषधांचे रिकामे डबे, ते कितीहि धुतलेले असोत, प्रयोगास वापरूं नयेत. बीं विकत घेतलें असल्यास पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी, पावती व मूठभर बीं जपून ठेवावें. उगवण झाली नाहीं व तालुक्यास तक्रार करण्याची वेळ आली, तर या वस्तूंचाच आधार असतो. त्यांच्या जोडीस मुलाची तारीखवार वही असली, तर काय घडलें तें आपणांसहि नेमकेपणानें सांगतां येईल.

दुसरी गोष्ट, मुलगा व मुलगी असा भेद या कामांत करूं नये. बीं निवडणें, राखेंत घोळणें, उतरंडींत सांठविणें हीं कामें आपल्या घरांत स्त्रियाच पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. तेव्हां या विद्येवर मुलींचा हक्क पहिला आहे.

तिसरी गोष्ट, उत्तर आधीं सांगून टाकूं नये. मुलाचा आंकडा आपल्या समजुतीविरुद्ध आला तर "तुला मोजतां आलें नाहीं" असें म्हणून त्यास गप्प करूं नये. "पुनः मोजून पाहूं" असें म्हणावें आणि बरोबर बसून मोजावें. आपलें खरें ठरलें तर मूल शिकेल, मुलाचें खरें ठरलें तर आपण शिकूं. घराचें नुकसान कोणत्याच बाजूनें नाहीं.

असल्या पाहण्या-मोजण्यास मोठें शिक्षण लागतें असें कोणास वाटत असेल, तर त्यानें चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्याच्या नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांचें उदाहरण आठवावें. सन १९८३ मध्यें त्यांस आपल्या भाताच्या शेतांत तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनीं त्या निराळ्या ठेवल्या, निराळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षें निवड करीत गेले. त्यांतूनच पुढें एचएमटी या नांवानें प्रसिद्ध झालेलें भाताचें वाण निघालें. शाळेंत ते जेमतेम तिसऱ्या इयत्तेपर्यंत गेले होते. सन २०१८ मध्यें ते निवर्तले. त्यांचें वाण मात्र त्यांच्या शिवाराच्या फार पलीकडे जाऊन पोंचलें. वेगळें दिसलेलें वेगळें ठेवणें व त्याची इतरांशीं तुलना करणें, एवढाच त्यांचा नियम होता; आणि वर सांगितलेल्या पांचहि पाठांचा नियम तोच आहे.

मृगास अद्याप अवकाश आहे तोंवर निदान पहिला पाठ तरी प्रत्येक वाचकानें आपल्या घरीं सुरू करावा. शंभर दाणे मोजण्यास मुलास दहा मिनिटें लागतील. आठव्या दिवशीं गोणपाट उघडतांना घरांतील सर्व मंडळींनीं भोंवतीं बसावें, व जो आंकडा येईल तो वहीच्या डाव्या बाजूस त्याच्याच हातानें लिहवून घ्यावा. पाभरीवर मूठ धरण्यापूर्वीं तें पान एकदां वाचून मगच पेरणीचा दिवस ठरवावा.